माझं काही काम नाही

तळेघरला एसटीतून उतरून तासभर चाललं की माझी शाळा यायची. नव्वदच्या दशकात तिथं मी गुरुजी म्हणून चार वर्षं काढली. आसपासच्या सगळ्या वाड्यांत ख्रिस्ती असा मी एकटाच. महिन्यातून एकदा प्रभुभोजनासाठी, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर वाटून खायला, पुण्याला जायचो. केलेला अपराध मनात तसाच ठेवून ती भाकर घ्यायची नसते, म्हणून त्याआधी, शनिवारची सकाळची शाळा सुटली की, खोलीत बसून आत्मपरीक्षण करायचो. त्यासाठी एक वहीच घातली होती. पोरावर ओरडलो, प्रार्थनेत डुलकी लागली, असली पापं तिच्यात असत. फार शोधूनही मोठं काही सापडत नसे, आणि त्याचं मला मनातून बरंच वाटे.

गावात पडकईची रीत होती. उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून एकेकाच्या भातखाचराचे बांध घालायचे. मजुरी नाही, आज तुझ्याकडे तर उद्या माझ्याकडे. पहिल्याच वर्षी मी फावडं घेऊन गेलो. ख्रिस्ती माणसानं सेवा करावी, हे लहानपणापासून ऐकलेलं. दगड वाहिले, हाताला फोड आले, लोक खूश झाले. दुपारी त्यांनी भाकरीला बोलावलं, तेव्हा मात्र मी माझा डबा घेऊन लांब झाडाखाली बसलो. गरिबाच्या भाकरीत वाटेकरी कशाला व्हायचं? संध्याकाळी ते विचारत, "गुरुजी, तुमचं काय काम आसंल तर सांगा की." मी हसून म्हणायचो, "माझं काही काम नाही." आपण नुसतं देतो, कुणाचं घेत नाही, याची मला भारी ऐट होती. त्या ऐटीलाच नम्रता समजून मी खुशीत घरी यायचो.

तिसऱ्या वर्षी मला कुणी बोलावलं नाही. आपणहून गेलो तर एक जण म्हणाला, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, आमी करतो." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. मग संध्याकाळी गप्पांना माझ्या ओट्यावरही कुणी येईनासं झालं. पोरं घरी गेली की बोलायला नुसत्या भिंती. इतका एकटा मी आयुष्यात कधी पडलो नव्हतो. वहीत लिहिलं, ख्रिस्तावरच्या विश्वासामुळे लोकांनी मला टाकलं. खोटं कशाला बोलू, ते लिहिताना थोडं गोडही वाटलं.

पावसाच्या तोंडावर कौलं चाळायला एकटाच वर चढलो आणि पडलो. पाय टम्म सुजला. शेजारची म्हातारी तांदळाची पेज घेऊन आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली.

"घेताल का, गुरुजी? तुमच्या धर्मात आमच्या हातचं चालत न्हाई म्हंत्यात."

मी हबकलो. सगळी माणसं देवाची लेकरं, असं पोरांना शिकवणारा मी. आणि गावानं माझ्याबद्दल हे ठरवलं होतं. पुरावाही मीच दिला होता, झाडाखाली वेगळा बसून.

"तसं काही नाही. आमच्यात सगळं चालतं."

"मंग आमचंच काय चुकलं आसंल," ती म्हणाली.

तिथंच सांगायला हवं होतं, आजी, चुकलं माझं. मला तुमचं काही लागत नाही, हा माझा माज होता. शब्द ओठावर आले, आणि मी खाली मान घालून पेज पीत राहिलो. ती भांडं घेऊन गेली. वहीत मात्र त्या दिवशी दोन पानं भरली. रडून देवाकडे क्षमा मागितली आणि हलका झालो. तिचं दार माझ्या दारापासून वीस पावलांवर होतं. पाय बरा झाल्यावरही ती वीस पावलं माझ्याच्यानं चालवली नाहीत. पुढं ओतूरला बदली झाली.

दोन-तीन वर्षांनी ओतूरच्या बाजारात त्या गावचा एक जण भेटला. चहा पिताना म्हणाला, "तुमच्या शेजारची म्हातारी गेली. लई आठवन काढायची तुमची. जायच्या आदी म्हनली, गुरुजी भेटलं तर सांगा, आमचं काय चुकलं आसंल तर पोटात घाला."

पुढच्या प्रभुभोजनाला भाकर माझ्यापर्यंत आली, ती मी न घेताच बाजूला बसलेल्याकडे सरकवली. उपासना संपल्यावर चर्चच्या पाळकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, देवानं केव्हाच क्षमा केली आहे. केली असेल. पण मला जिची क्षमा मागायची होती, ती माझीच क्षमा मागून गेली होती.