सहा ते सात गिरणी बंद

देवमनच्या गिरणीचं बटण मी दाबायला नको होतं. पण घरी पाहुणे यायचे होते, माझा ज्वारीचा डबा तासभर तसाच पडून होता, आणि देवमन गिरणी बंद ठेवून नातीपुढे उकिडवा बसला होता. म्हटलं, आपणच करावी सुरू. पट्टा फिरला, अनसिंगच्या स्टँडपर्यंत जाणारी घरघर सुटली, आणि अडीच वर्षांच्या साक्षीनं काहीतरी बोलायला उघडलेल्या तोंडातून नुसतं भोकाड बाहेर पडलं.

देवमननं बटण बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत क्विंटलभर ज्वारी होती.

क्विंटलभरच. साक्षी अजून बोलत नव्हती. कान तपासले, ते उत्तम निघाले. मग देवमनची सून सुकेशनी तिला दर गुरुवारी वाशिमला, बोलायला शिकवणाऱ्या मॅडमकडे नेऊ लागली. एका खेपेचे चारशे. म्हणजे किलोला चार रुपयांनी शंभर किलो दळण. गाव म्हणे, पोरगी बोलंल आज ना उद्या, घाई कायले? देवमन म्हणे, "लहान हाय तवरच जास्त फायदा हाय. मोठी झाल्यावर तुमी देता का फी?"

मॅडमनी गृहपाठ दिला होता. रोज तासभर शांतता, समोर बसून बोलायचं, आणि काही विचारलं की दहा मोजेपर्यंत वाट पाहायची. घर गिरणीच्या मागच्याच खोलीत. फी द्यायची तर गिरणी चालू हवी, पोरीनं बोलायचं तर बंद! देवमननं पाटी लावून टाकली. नेमकी ऐन गिऱ्हाइकीच्या तासाची.

दहा मोजायची त्याला इतकी सवय लागली, की गिऱ्हाइकालाही 'जाड की बारीक?' विचारून तो टक लावून बसे. रामीबाई तर घाबरून डबा उचलून घरी गेल्या.

केलेल्या पापाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी सहाला मी हजर झालो. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस! कुत्रा कसा भुंकतो, मांजर कशी ओरडते, हे मीच विचारी आणि साक्षीनं तोंड उघडायच्या आत मीच करून दाखवी. दारातल्या गिऱ्हाइकांना माझं म्याव पसंत पडलं. साक्षी गप्पच. शेवटी देवमननं माझ्या हातावर मुरमुरे ठेवले आणि म्हणाला, "सर, खा." मी बकाणा भरला.

साक्षीनं मुरमुऱ्यांकडे हात केला. देवमननं आपल्या हातातल्या मुरमुऱ्यांवर मूठ मिटली आणि तो आकडे मोजत थांबला. सात झाले, आठ झाले. मला राहवेना, मी माझ्या हातात उरलेले द्यायला निघालो तर सुकेशनीनं मनगटच धरलं. नवाला पोरगी म्हणाली, "दे."

देवमन तिथंच पिठात बसला आणि मूठ तिच्या ओंजळीत रिकामी केली.

बकाणा गिळून मी म्हणालो, "बघ देवमन, माझ्या शिकवणीचा उपयोग झाला की नाही?"

"तुमचं तोंड मुरमुऱ्यानं भरलं, तवा तिले बोलाले जागा भेटली."