ओल्या रंगावरची फुली

मी वायरमन. करंट असेल तर यंत्र चालतं, नसेल तर नाही. भूत, बाधा, करणी असल्या गोष्टींना माझ्या डोक्यात कधी जागा नव्हती. आजही नाही म्हणा... एक गोष्ट सोडून.

मूर्तिजापूरच्या अलीकडे, अमरावती-अकोला हायवेला लागून एक पार्क निघाला होता. मालकानं कुठूनतरी सेकंडहँड 'नाव' आणली — चाळीस माणसं बसवून झोके घेणारी मोठी लोखंडी होडी. मुहूर्त बघा साहेबांचा! लागोपाठ कपाशी बुडालेली, गावोगाव घरात सण होत नव्हते, आणि यांनी झोके विकायला काढले. नाव जेमतेम आठ महिने चालली.

मी पॅनलवर बटण दाबायचो. मेकॅनिक होते गफ्फारभाई, बार्शीटाकळीचे. वयानं माझ्या वडिलांएवढे, मला काम त्यांनीच शिकवलं. रोज सकाळी ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. ठीक असेल तर पॅनलजवळच्या खांबावर खडूनं बरोबरची खूण, नसेल तर फुली. अंगठा आखडलेला, म्हणून फुलीचा एक पाय नेहमी लांब जायचा.

दिवाळीनंतरच्या रविवारी त्यांनी फुली मारली. "बेअरिंग रडून राह्यलं बाप्पा. आज चालवू नोको," म्हणाले आणि नवीन बेअरिंग आणायला अकोल्याला गेले.

नेमकी त्याच दिवशी कितीतरी महिन्यांनी गर्दी आली. मॅनेजर म्हणाला, "चालव, नाई तं उद्यापासून येऊ नोको." मी फडकं घेतलं, फुली पुसली आणि बटण दाबलं.

तिसऱ्या फेरीला बेअरिंग जाम. नाव हिसका देऊन अडकली, अंजनगावच्या एका मुलीचा हात मोडला. चौकशीत मॅनेजरनं लिहून दिलं की मेकॅनिकनं सकाळी तपासणी केलीच नाही. खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

गफ्फारभाई सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मी फुली मारली होती. तू तं पाह्यली ना?"

"मले नाई आठवत, गफ्फारभाई."

त्यानंतर त्यांना कुणी काम दिलं नाही, दोन वर्षांनी वारले. माझी नोकरी मात्र राहिली — बंद पार्कचा चौकीदार म्हणून! त्या सहीवर एवढंच मिळालं.

पुढे नाव भंगारात निघाली. मालक म्हणाला, रंग मारून ठेव, जरा बरी दिसेल. मी सकाळी त्या खांबाला ऑइल पेंट मारला, फाटकाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि जेवायला गेलो. तासाभरात अकोल्याचा भंगारवाला आला. मीच कुलूप उघडलं.

खांबावर फुली होती. पांढरी, खडूची, एक पाय लांब. मी बोट लावलं... रंग ओलाच होता, बोटाला आला. ओल्या ऑइल पेंटवर खडू उठत नाही, कुणीही करून बघावं.

"हे फुली काहून मारली?" भंगारवाल्यानं विचारलं. म्हणजे त्यालाही दिसली होती. माझ्या एकट्याच्या डोळ्यांचा खेळ नव्हता.

"मले काय माईत," मी म्हणालो.

ती फुली तिथं कशी उठली, ते मला आजही सांगता येत नाही. पहिली फुली कुणी पुसली, ते मात्र त्या दुपारी सांगता येत होतं. विचारणारा समोर उभा होता. मॅनेजर कधीच सोडून गेला होता, नोकरीही आठवड्याभरात संपणार होती, भ्यायला काही उरलंच नव्हतं... आणि तरी मी तेच उत्तर दिलं.