टॅक्स धरून की सोडून?

चार माणसं एका जागी नेमानं भेटायला लागली की किस्से आपोआप साठतात, घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात तसे. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण गादीखाली हात घातला की निघतात. आमच्या एअर रायफल क्लबाचं तसंच आहे.

क्लब म्हणजे काय, तर भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग. रविवारी सकाळी स्कूटर बाहेर काढायच्या, भिंतीला कागदी टार्गेट लावायचं आणि क्लबाच्या एकुलत्या एका रायफलीनं आळीपाळीनं छर्रे मारायचे. नेम आमच्यात एकीचाच धड होता. ती सावंतांची सुजाता, तेव्हा कॉलेजात होती. बाकी आम्ही सगळ्यांनी आयुष्यात पाडले ते फक्त भाव.

त्याची संधी दिवाळीनंतर यायची. जवळच गोडदेवला एका लग्नाच्या हॉलमध्ये खेळाच्या सामानाचं प्रदर्शन आणि विक्री असायची. आदल्या दिवशीच्या नवरानवरीची नावं दारावर तशीच, आणि आत कॅरम बोर्ड, बॅटी आणि एका टेबलावर लायसन्स न लागणाऱ्या एअर रायफली. ते टेबल जिग्नेशभाईंचं. माणूस पक्का जैन, कांदासुद्धा खात नाही आणि विकतो बंदुका! म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी बजावायचे, "फक्त कागदावर मारायचा. जीवाला नाय."

आणि भाव विचारला की त्यांचा ठरलेला सवाल, "टॅक्स धरून बोलू, का सोडून?"

धरून म्हणजे पक्कं बिल. सोडून म्हणजे बिल नाही, भाव कमी, आणि उद्या कुणी विचारलं तर तुम्ही आम्हाला ओळखत नाही.

* * *

सावंत मूळचे रत्नागिरीचे, नोकरी औषधांच्या गोदामात. घासाघीस हा त्यांचा खरा खेळ. त्यात सुजाताचा पार्ट ती फ्रॉक घालत होती तेव्हापासून ठरलेला. सावंत वस्तू हातात घेऊन विचारणार, "काय गं, नको ना?" तिनं तोंड वाकडं करून म्हणायचं, "नको बाबा, चला." मग दोघांनी पाठ फिरवायची आणि अगदी सावकाश चालायचं, म्हणजे दुकानदाराला हाक मारायला वेळ मिळतो.

एकदा छर्ऱ्यांच्या डब्यासाठी हा प्रयोग झाला. बापलेक निघाले, हाक आली नाही. दारापर्यंत गेले, तरी नाही. सावंतांनी दारावरची नवरानवरीची नावं दोनदा वाचली. शेवटी हॉलला वळसा घालून मागच्या दारानं आत आले आणि आत्ताच आल्यासारखं विचारलं, "छर्रे काय भाव?"

जिग्नेशभाई मान वर न करता म्हणाले, "आत्ता तुमचे भाऊ येऊन गेले. त्यांना सांगितला तोच."

* * *

आमच्या क्लबाचे सेक्रेटरी देसाई सेल्सटॅक्समध्ये नोकरीला होते. मला एअर पिस्तूल घ्यायचं होतं. मी म्हटलं, यांना सोबत नेलं तर भाव धाडकन खाली येईल. मी तशी हुशारच आहे.

टेबलाशी गेल्या गेल्या मी ओळख करून दिली, "हे देसाईसाहेब, सेल्सटॅक्समध्ये असतात." जिग्नेशभाईंनी लगेच खुर्ची मागवली, चहा मागवला आणि मी न मागता भाव उतरवला. मी पर्स उघडली.

देसाई म्हणाले, "आता यावर टॅक्स लावा."

टॅक्स लावल्यावर जो आकडा झाला, तो एरवी मी एकटी गेले असते तर पडला असता त्याहून जास्त होता. परतताना रिक्षात देसाई अगदी प्रसन्न होते. "बघा वहिनी, व्यवहार कसा स्वच्छ झाला," म्हणाले. रिक्षाचे पैसेही मीच दिले.

* * *

समुद्राकाठच्या डोंगरी गावचा पास्कल दर वर्षी प्रदर्शनाला यायचा. त्याच्या घरचे बोंबील वाळत घातले की कावळे उतरायचे, त्यांना पळवायला त्याला एअर गन हवी होती. जिग्नेशभाईंना आधी "पळवायला" आणि "मारायला" यातला फरक पटवून द्यावा लागला. मग भाव अडला.

"भाई, पैसं कमी हाय," पास्कल म्हणाला आणि त्यानं टेबलावर एक पिशवी ठेवली. "बाकीचं यात घ्या. आमच्या घरचं हाय."

"काय आहे?"

"बोंबील. वल्लं न्हाय, सुकं हाय. वास न्हाय येत."

वास तोवर कॅरम बोर्डांपर्यंत पोचला होता. जिग्नेशभाई खुर्चीसकट मागे सरकले, नाकाला रुमाल लावला आणि पास्कल म्हणेल तो भाव कबूल केला. अट एकच, पिशवी आधी उचल.

पुढच्या वर्षी सावंतांनी माझ्याकडे हळूच चौकशी केली, डोंगरीला बस किती वाजता असते.

* * *

सेल्सटॅक्स जाऊन व्हॅट येणार अशी बातमी आली, तेव्हा सावंतांनी बातमीचा पहिला अर्धाच भाग वाचला. सोसायटीत पेढे वाटले. दुसरा अर्धा देसाईंनी वाचून दाखवला, पेढा खाऊन झाल्यावर.

* * *

आता क्लबाच्या रायफलीचं सांगते. ती सावंतांनी जुन्या मुंबईच्या बाजारातल्या कुणाकडून तरी आणली होती. सोडून नाही आणि धरूनही नाही, तर मधला मार्ग काढून. बिल घेतलं, पण त्यावर लिहून घेतलं, "खेळणी, एक नग." खेळण्याला टॅक्स कमी, असं त्या दुकानदारानं सांगितलं होतं.

सुजाता ती रायफल घेऊन तिच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेला निघाली. भाईंदर स्टेशनच्या पुलावर हवालदारानं लांबलचक पिशवी बघून थांबवलं. पोरीनं प्रामाणिकपणे बिल दाखवलं.

हवालदारानं बिल वाचलं, पिशवी उघडून आत बघितलं, परत बिल वाचलं. "खेळणं? मग चावी कुठाय याची?"

देसाईंनी जाऊन सगळं समजावेपर्यंत दुपार झाली. हवालदाराचं काही चुकलं नव्हतं. स्पर्धेत सुजाताचं नाव पुकारून झालं होतं. आम्ही चावीचं वाक्य आठवून वर्षभर हसलो, ती हसली नाही. बापाशी बोलायची, पण कामापुरतं. मला त्या पोरीचं फार वाईट वाटायचं.

देसाईंनी नियम केला, स्वतःच्या नावाच्या पक्क्या बिलाची रायफल असेल तरच क्लब स्पर्धेसाठी पत्र देणार. सावंत ओव्हरटाइम करायला लागले.

* * *

त्या वर्षी प्रदर्शनाचं दार उघडलं तेव्हा पहिले आत शिरले ते सावंत आणि सुजाता. मागोमाग देसाई आणि मी. सावंतांचा हिशेब होता, भवानीचं गिऱ्हाईक कुणी परत पाठवत नाही. शर्टाच्या खिशात पैसे होते. रायफलीपुरते जमले होते, टॅक्सपुरते नव्हते, हे आम्हा चौघांना माहीत होतं. जिग्नेशभाईंना नव्हतं.

सुजातानं हवी ती रायफल उचलली, खांद्याला लावली, गाल टेकवला. जिग्नेशभाईंनी विचारलं, "टॅक्स धरून बोलू, का सोडून?"

सावंत म्हणाले, "धरून. पण सोडल्यासारखा बोला."

मग जुंपली. सावंतांनी रायफलीच्या लाकडाला नावं ठेवली, वजनाला ठेवली, रंगाला ठेवली. जिग्नेशभाई थोडं थोडं उतरत गेले आणि एका आकड्यावर येऊन बसले. तो अजून सावंतांच्या खिशाच्या वर होता. आता एकच डाव उरला होता.

सावंतांनी मान वळवली. "काय गं, नको ना?"

सुजातानं रायफल खांद्यावरून खाली घेतली. टेबलावर ठेवली नाही.

"सुजाता," सावंत म्हणाले. "नको ना?"

"बाबा, मी धरलीय," ती म्हणाली. "आता सोडणार नाही."

सावंतांना पाठ फिरवता येईना. त्यांनी खिशातले सगळे पैसे काढून टेबलावर ठेवले. "एवढेच आहेत," म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर शंभर दुकानांत म्हटलं असेल, पण त्या दिवशी खिसा उलटा करून दाखवायचं त्यांना सुचलं नाही.

जिग्नेशभाईंनी पैसे मोजले, ड्रॉवरमध्ये टाकले आणि बिलबुक काढलं. वर सुजाताचं नाव विचारून लिहिलं, खाली मोजलेला तेवढाच आकडा.

देसाईंनी चष्मा लावून बिल वाचलं. सवयच ती. "यात टॅक्स धरलाय?"

"धरलाय, साहेब. पूरा."

देसाईंनी मनातल्या मनात हिशेब केला, परत केला. "टॅक्स धरलाय," ते म्हणाले, "मग सोडलंत काय?"

जिग्नेशभाईंनी बिल फाडून सुजाताच्या हातात दिलं.

"बेटा," म्हणाले, "फक्त कागदावर मारायचा. जीवाला नाय."