अडीच किलोची बंदूक

हिंको म्लेकुझ बंदूक घ्यायला आला तो स्वतःचा ताणकाटा घेऊन. वरच्या कुरणांवर चीज करण्यात सगळा जन्म गेलेला माणूस. चीजचा गोल काट्याला लावल्याशिवाय त्याने कधी कोणाच्या हातात दिला नाही, मग बंदुकीला कशी सवलत मिळणार?

"लुद्व्या, कागदावर छापलेलं वजन मला सांगू नकोस," तो दारातूनच म्हणाला. "कागद तुझाच भाऊ. विकायला बसलेला."

सोचा नदीच्या आमच्या खोऱ्यात बंदुका विकणारा आणि दुरुस्त करणारा मी एकटाच. हिंको माझ्याहून सात वर्षांनी मोठा, तेव्हा एकोणसत्तरचा. आदल्या वर्षी त्याच्या डाव्या खुब्याचा सांधा बदलला होता. चालायचं, पण ओझं घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि त्याची बंदूक होती बापाची, अक्रोडी दस्त्याची, वरची दुर्बीण धरून पावणेपाच किलो भरणारी. आमच्या शिकारमंडळाचा नियम असा की लागोपाठ दोन हंगाम जो वर चढत नाही त्याला पुन्हा गाम्स मिळत नाही. गाम्स म्हणजे आमच्या कड्यांवरची रानशेळी. मग त्या सभासदाचं नाव ज्येष्ठांच्या यादीत जातं, आणि बैठकीला रश्श्याची कढई ढवळणं एवढंच काम त्याच्याकडे उरतं. हिंकोचा एक हंगाम खुब्यात गेला होता. हा दुसरा.

माणूस कसा होता ते सांगतो, आणि गोड करून सांगणार नाही. शिकारी म्हणून पहिल्या प्रतीचा. एक्केचाळीस वर्षांत त्याने एकही जनावर जखमी करून डोंगरावर सोडलं नव्हतं. दीडशे मीटरच्या आत गेल्याशिवाय तो बंदुकीचा घोडा ओढायचाच नाही. त्यासाठी चार चार तास पोटावर सरकायचा, आणि जवळ जाता आलं नाही तर रिकाम्या हाताने उतरायचा. पण या गोष्टीचा त्याला इतका ताठा होता की त्याच्याशेजारी बसून जेवायला नको वाटायचं. दर बैठकीला कोणाची ना कोणाची सालटी काढायचा. माझ्या दुकानाला तो 'आळशांचा दवाखाना' म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या जावयाच्या हातून, येर्नेयच्या हातून, लांबून झाडलेली गोळी गाम्सच्या पोटात लागली. गाम्स कड्याआड गेला आणि सापडला नाही. खोऱ्यात जखमी जनावराचा माग काढणारा शिकवलेला कुत्रा येर्नेयकडेच होता. तीन दिवस तो त्या कुत्र्याला घेऊन हिंडला, मग स्वतःहून मंडळापुढे उभा राहिला आणि म्हणाला, माझी चूक झाली. अध्यक्ष समज देऊन सोडणार होते. हिंको उठला.

"समज शेंबड्या पोराला देतात, जावईबापूंना नाही," तो म्हणाला. "वर्षभर बंदूक बंद. माझा जावई म्हणून सोडलात तर मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

वर्षभर बंद झाली. मार्येता, त्याची लेक, तेव्हापासून बापाकडे नातवंडं आणेनाशी झाली. हिंकोने त्याबद्दल एक चकार शब्द काढला नाही, आणि रविवारी दोन ताटं जास्त मांडायचंही सोडलं नाही.

तर अशा माणसापुढे मी तीन बंदुका ठेवल्या. पहिली आखूड पोलादी नळीची. त्याने ती काट्याला अडकवली, तोंड वाकडं केलं, खाली ठेवली. दुसरी सव्वातीन किलो. तिसरीची नळी आणि दस्ता कार्बनच्या धाग्यांचा, काळा. काटा अडीचवर थांबला. हिंकोने ती काढून पुन्हा लावली.

"चीजच्या लहान गोलाएवढीसुद्धा नाही रे," तो म्हणाला. आवाजात चक्क आनंद होता.

"ऐक आधी," मी म्हटलं. "जड बंदूक दगडावर ठेवली की गप्प पडून राहते. ही तुझ्या छातीच्या ठोक्याबरोबर हलेल. लाथ मारेल ती वेगळीच. गोळी सुटल्यावर दुर्बिणीत तुला आभाळ दिसेल, जनावर नाही. लांबच्या नेमाला सव्वातीनवाली बरी."

"लांबचा नेम कोण धरतोय? मी काय येर्नेय आहे?"

"खुबा तुला जवळ जाऊ देणार आहे का?"

तो काट्याचा आकडा उगाच मागेपुढे करत बसला. इथे मी थांबायला हवं होतं, सव्वातीनवाली त्याच्या हातात द्यायला हवी होती आणि चढाला एखादा सोबती बघ म्हणायला हवं होतं. पण मी म्हटलं, "मग हीच घे. अंतराप्रमाणे दुर्बिणीची चकती फिरवायची, चारशे मीटरवरून काम होतं. जवळ जायलाच नको." अडीच किलोवाली दोन गायींच्या किमतीची होती हे खरं, पण मी त्यासाठी बोललो नाही. मला त्याचा ताठा मोडलेला बघायचा होता. आयुष्यभर दुसऱ्यांना ज्यावरून झोडपलं, तेच करताना मला तो हवा होता.

त्याने ती घेतली.

आमचं नेमबाजीचं मैदान म्हणजे लाकडाच्या गिरणीमागची शंभर मीटरची पट्टी. त्याहून लांब सपाट जागा खोऱ्यात नाही. शंभरावर हिंकोने पाच गोळ्या अंगठ्याखाली झाकतील अशा मारल्या. पुढच्या अंतरांना चकती किती फिरवायची ते मी काडतुसांच्या छापील कोष्टकावरून काढून दस्त्याला चिकटवलं: दोनशेला इतकं, तीनशेला इतकं, चारशेला इतकं. आमच्याकडे सगळे असंच करतात. बंदूक शंभरावर गुणी निघाली की ती चारशेवरही गुणी असेल असं धरून चालतात, कारण बघायची सोयच नाही. मीसुद्धा तीस वर्षं लोकांना हेच सांगत आलोय.

ऑक्टोबरात आम्ही दोघं वर गेलो. तिपाईवरची मोठी दुर्बीण माझ्या पाठीवर, बंदूक त्याच्या. चढताना तो शीळ घालत होता. मधल्या टप्प्यावर बसून आम्ही उकडलेले बटाटे आणि खारं दही खाल्लं. तो म्हणाला, "लुद्व्या, मला वाटलं होतं, इथून नदी पुन्हा बघायला मिळायची नाही." ते ऐकून मला बरं वाटलं, हेही खोटं नाही.

नऊच्या सुमाराला घळीपलीकडे, बराच खाली, दगडांच्या उतरणीवर एक म्हातारा नर चरताना दिसला. अंतर मोजलं, चारशे बारा.

"वळसा घालून जवळ जाऊ या?" मी विचारलं. विचारायचं म्हणून.

हिंकोने खुब्यावर हात ठेवला. "मग ही कशाला घेतलीय?"

मी कोष्टकातला आकडा सांगितला, त्याने चकती फिरवली. खाली झाडलेली गोळी वर लागते, आणि तीव्र उतार असला की आकडा कमी धरायचा, हे आमच्याकडच्या पोरांनाही ठाऊक असतं. पण दीडशेच्या आत त्याने फरक पडत नाही, म्हणून हिंकोला ते कधी लागलंच नव्हतं. मला मात्र आठवायला हवं होतं. आणि ऊन दगडांवर पडलं की घळीतून वारा वर यायला लागतो. आम्ही आमच्या पायाजवळचं गवत बघितलं. ते हलत नव्हतं.

गोळी सुटली. मोठ्या दुर्बिणीत मला स्वच्छ दिसलं: थोबाडीत बसावी तसं गाम्सचं डोकं एका बाजूला गेलं. मग तो वळला आणि खुरट्या पाइनच्या झुडपांत शिरला. खालचा जबडा लोंबत होता.

लाथेने हिंकोची बंदूक आभाळाकडे गेली होती. त्याने काही बघितलं नव्हतं. "लागली?"

"कळलं नाही," मी म्हटलं. आपली बंदूक, आपला आकडा, आपलीच जीभ. ती ऐन वेळी उचललीच नाही.

त्या जागेवर पोचायला त्याला अडीच तास लागले. एका दगडावर फेसाळ लाळ होती, गुलाबी. बाजूला बोटाच्या पेराएवढा तुकडा पडलेला, एका कडेला दात. हिंकोने तो उचलला, तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला. तिथेच बसून येर्नेयला फोन करायचा, कुत्रा घेऊन ये म्हणायचं, एवढंच काम होतं. संध्याकाळपर्यंत जनावर वेदनांतून सुटलं असतं. हिंकोने खिशातून फोन काढलासुद्धा. मग तो परत ठेवला आणि हातातला तुकडा घळीत भिरकावला.

"खडा आहे," तो म्हणाला. "चुकली गोळी."

"चुकली," मी म्हटलं.

मंडळाच्या वहीत त्याने तसंच लिहिलं: एक गोळी, नेम चुकला.

अठरा दिवसांनी गिर्यारोहकांनी येर्नेयला कळवलं की ओढ्याकाठी एक गाम्स उभा आहे आणि माणसाला बघून पळत नाही. येर्नेय गेला. जनावर तोंड पाण्यात घालून उभं होतं. पाणी धड पिता येत नव्हतं, चरता येत नव्हतं. तीस किलोचा नर, पण येर्नेयने त्याला संपवून खांद्यावर घेतला तेव्हा सोळासुद्धा भरला नसता. अठरा दिवस. मी रोज दुकान उघडत होतो, रोज जेवत होतो.

तो शनिवार मंडळाच्या बैठकीचा. आम्ही वीस-बावीस जण बसलो होतो, ताटं वाढून झाली होती. येर्नेय आत आला तो टोपी उलटी हातात धरून. टोपीवर पाइनची डहाळी, रक्तात बुडवलेली. खोलीतली बडबड थांबली, कारण याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. आमच्याकडे जखमी जनावराला जो संपवतो तो त्याचा शिकारी नसतो. ज्याची गोळी पहिल्यांदा लागली, शिकार त्याची. माग काढणाऱ्याने डहाळी तोडून, टोपीवर ठेवून, त्याला नेऊन द्यायची आणि त्याचं अभिनंदन करायचं.

येर्नेय सासऱ्यापुढे जाऊन उभा राहिला. त्या घळीत झाडलेली गोळी वहीत एकट्या हिंकोचीच होती.

"अभिनंदन, बाबा," तो म्हणाला.

आवाजात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलंय. मला आजही वाटतं, तो त्याला वाट करून देत होता. हिंकोने डहाळी घेतली असती तर त्याचीही बंदूक वर्षभर बंद झाली असती, आणि त्या वयात वर्षभर म्हणजे कायमची. पण पुढच्या रविवारी मार्येता नातवंडं घेऊन आली असती, याबद्दल मला शंका नाही.

हिंकोने डहाळीकडे बघितलं. मान लाल झाली होती. "माझा नाही तो," तो म्हणाला. "माझी गोळी चुकली. लुद्व्याला विचारा. दुर्बिणीला डोळा त्याचा होता."

सगळे माझ्याकडे वळले. येर्नेयही.

"चुकली होती," मी म्हटलं.

येर्नेयने मान हलवली. "बरं," तो म्हणाला. "मग मीच घेतो. कोणाच्या तरी नावावर मरायला हवा ना तो." डहाळी टोपीत खोचून त्याने टोपी घातली आणि बाहेर गेला. हिंकोने चमचा उचलला आणि रस्सा संपवला. घरी जाताना रस्त्यात मला म्हणाला, "बंदूक चांगली आहे. पण लाथ फार मारते." मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, आणि मग स्वतःच्या.

वसंतातल्या सभेत मंडळाने हिंकोचा सत्कार केला: बेचाळीस वर्षं, एकही जनावर जखमी नाही. टाळ्या मीही वाजवल्या. येर्नेय त्याआधीच मंडळ सोडून, कुत्रा घेऊन, खिंडीपलीकडच्या गावात राहायला गेला होता. त्याच्यामागे मार्येता आणि पोरंही गेली. आता आमच्या खोऱ्यात जखमी जनावराच्या मागावर जायला कुत्रा नाही. हलक्या बंदुका मात्र मी तेव्हापासून अकरा विकल्या, आणि मंडळाच्या वहीत जखमी जनावराची एकही नोंद नाही. सगळ्यांचे नेम चुकतात.