हाबीन्झू दाजींनी उतरवलेलं इंजिन

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान लामेक हाबीन्झू यांना आमच्या मोंझे शहराच्या आसपास सगळे 'कान' म्हणत. माझाबुकाच्या उसाच्या मळ्यावर त्यांनी तेवीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे हुद्दा शेवटपर्यंत मदतनिसाचाच राहिला. पण एखादं इंजिन कुरकुरायला लागलं की इंजिनिअर साहेब आधी यांना हाक मारायचे. दाजी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "तिसऱ्या सिलिंडरची बेअरिंग." उघडलं की तिसरीच निघायची.

निवृत्त होऊन ते गावी आले तेव्हा त्यांची ही ख्याती त्यांच्याआधी पोचली होती. त्यांनाही ती आवडायची. ताई चिडवायची, "चूल पेटत नसली तरी हे आधी कान लावतील."

शेजारी, मक्याच्या एका शेतापलीकडे, इनॉक मुलेयाकाकांचं घर. ते शेतकी खात्यात होते. आता सहा घरांचं दूध गोळा करून रोज सकाळी मोंझेच्या संकलन केंद्रावर पोचवायचे. काका शेळीच्या कुळातले आणि दाजी तरसाच्या. आमच्याकडे या दोन कुळांचं थट्टेचं नातं. एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, समोरच्याने राग धरायचा नाही. एकाच्या मयताला दुसऱ्याने येऊन लोकांना हसवायचं, हाही त्यातलाच रिवाज. हे दोघं तर ते नातं उठता-बसता पाळत. रस्त्यात भेटले की काका ओरडायचे, "ए तरसा, कुणाचं मढं उकरून आलास?" आणि दाजी म्हणायचे, "शेळपटा, कान हलवू नकोस, भूक लागते मला."

काकांची गाडी एकवीस वर्षांची होती. हिरवी, उंच, चारही चाकं ओढणारी जपानी गाडी. पावसाळ्यात आमच्या रस्त्याला दुसरी कुठली गाडी टिकायची नाही. त्या वर्षी मार्चमध्ये ती वाजायला लागली. उभी असताना आतून ठक, ठक, ठक. कुणीतरी पत्र्याच्या दारावर बोटाच्या पेराने टकटक करावी तशी.

दाजींना बोलावणं आलं. मीही सोबत गेलो. दाजींनी नेहमीसारखा स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. अंगणात दूध घालायला आलेली माणसं उभी होती, सगळी गप्प झाली.

"खालच्या दांड्याची बेअरिंग गेली," दाजी म्हणाले. "दांडाही खाल्ला असणार. हे इंजिन संपलं. दुसरं बसवावं लागेल."

काकांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो, हातातली किटली खाली ठेवून पुढे आल्या. "भावजी, आधी खालून उघडून बघायचं नाही का? निदान खात्री होईल."

"वहिनी, गाईच्या पोटात वासरू आहे की नाही हे बघायला तुम्ही गाय फाडता का?"

सगळे हसले. त्या म्हणाल्या, "फाडत नाही, पण हात घालून बघते."

त्यांचं ते उत्तर फारसं कुणी ऐकलं नाही, कारण लोक अजून पहिल्यावरच हसत होते. इंजिनाचं खालचं चेंबर उघडायला दाजींना एक सकाळ पुरली असती. पण 'कान' म्हटल्या जाणाऱ्या माणसाने उघडून बघायचं म्हणजे काय, हे त्यांच्या डोक्यात बसलेलं. हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं.

दुसऱ्या इंजिनासाठी गाय विकावी लागली. कपाळावर चांद असलेली, वहिनींना त्यांच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या गाईच्या पोटची. काका राजधानीत, लुसाकाला जाऊन आले, आणि जपानहून आलेलं एक वापरलेलं इंजिन सरकीच्या पोत्यांमध्ये गुंडाळून दुधाच्या ट्रकमधून घरी आलं.

एप्रिलच्या सुट्टीत मी शिकवतो ती शाळा बंद होती, म्हणून मी हाताखाली होतो. निलगिरीचे तीन जाड वासे बांधून तिकाटणं उभं केलं आणि मिशनमधून मागून आणलेली चेनकप्पी त्याला टांगली. बॉनेट काढलं, रेडिएटर काढला. दाजी एकेक वायर सोडायचे आणि मी तिला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायचो. दुपारी त्यांनी ऑइल काढलं. काळंभोर ऑइल घमेल्यात पडत होतं. दाजींनी त्यातलं थोडं बोटांवर घेऊन चोळलं, उन्हात धरलं, पुन्हा चोळलं. बेअरिंग झिजली असेल तर त्यात चमचम करणारा चुरा दिसतो. मला काही दिसला नाही. बोटं पुसून दाजी वरचे बोल्ट सोडायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कुणाची तरी सायकल घेऊन दूध पोचवायला गेले होते. आम्ही कप्पी ओढली, इंजिन गिअरबॉक्सपासून सुटलं आणि हळूहळू वर आलं. दाजी मागच्या बाजूला गेले आणि तिथेच उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एक पातळ पोलादी चकती असते. त्या चकतीला मधल्या बोल्टांभोवती अर्धी फेरी पूर्ण होईल एवढा तडा गेला होता. दाजींनी अंगठ्याने ती दाबली. ठक. पुन्हा दाबली. ठक.

इंजिन जमिनीवर टेकवून त्यांनी आडवं केलं आणि खालचं चेंबर उघडलं. एक बेअरिंग सोडून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या गुळगुळीत.

"हीच चकती वाजत होती," ते म्हणाले. "इंजिन तुझ्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे."

"मग बरंच झालं की! आलेल्या इंजिनाची चकती काढून याला लावू. तेच परत बसवू. आलेलं इंजिन काका विकून टाकतील."

दाजी बराच वेळ हात पुसत राहिले. "गाय विकली रे वहिनींनी."

"म्हणून तर सांगायला हवं."

"म्हणूनच सांगता येत नाही. त्यांनी विचारलं होतं मला, सगळ्यांसमोर."

तेवढ्यात काका आले. सायकल भिंतीला टेकवून इंजिनाजवळ वाकले. "काय रे तरसा, नक्की मेलं ना?"

"मेलं," दाजी म्हणाले.

मी तिथेच होतो. मी शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवतो. मी एक पाइप उचलला आणि उगाच पुसत बसलो.

चार दिवसांत दुसरं इंजिन बसलं. चावी फिरवल्यावर थोडा निळा धूर निघाला, मग गाडी चालू झाली, आणि ठकठक अर्थातच नव्हती. काकांनी दाजींना मिठी मारली. मक्याच्या आंबवलेल्या पेयाचे, चिब्वांतूचे मोठे मोठे पेले आले, कोंबडा कापला गेला. जेवताना काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ते जुनं धूड घेऊन जा. शेळीने खाल्लं, आता हाडं तरसाला!" लोक पोट धरून हसले. दाजींनी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. पण थट्टेच्या नात्यात दिलेलं परत करता येत नाही. ते इंजिन आमच्या ताईच्या अंगणात आलं. तडकलेली चकती दाजींनी कुठल्याशा खड्ड्यात टाकून वर माती लोटली.

वर्षभर इंजिन ताडपत्रीखाली पडून होतं. मग गावच्या दळणाच्या गिरणीचं इंजिन फुटलं, बायका डोक्यावर पोती घेऊन दोन तास चालायला लागल्या, आणि सगळे दाजींच्या मागे लागले. "तुमच्याकडे पडलंय ना एक? मेलेलं असलं तरी तुमच्या हातून जिवंत होईल." ताईने तर जेवायला बसू दिलं नाही. शेवटी दाजींनी ते गिरणीला जोडलं. पहिल्याच दिवशी ते असं चाललं की बायकांनी टाळ्या वाजवल्या. हाबीन्झूने मढं उठवलं, असं लोक म्हणू लागले. नाव आधीपेक्षा मोठं झालं. लांबलांबून माणसं गाड्या घेऊन येऊ लागली.

इकडे काकांच्या गाडीतलं इंजिन ऑइल पीत होतं. चढावर दम टाकायचं. काका दळण घेऊन यायचे, गिरणीशेजारी ओंडक्यावर बसून ऐकत राहायचे आणि म्हणायचे, "माझ्याकडे होतं तेव्हा खोकायचं. तुझ्याकडे येऊन गायला लागलं. घरभेदी कुठलं!"

दाजींनी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा माझ्यासमोर म्हणाले, "इनॉक, खरं सांगू? हे इंजिन कधी बिघडलंच नव्हतं. मी तुला फसवलं."

काकांनी मांडीवर थाप मारली. "मला ठाऊकच होतं! तरसाने कधी शेळीचं भलं केलंय का?" आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. दाजींनी आणखी एकदा तोंड उघडलं, पण काकांनी त्यांच्या पाठीवर हात टाकला आणि विषय गुरांच्या तापाकडे वळला. त्या दोघांनी आयुष्यभर एकमेकांशी सरळ बोलायची सवयच ठेवली नव्हती. गंभीरपणे बोलायला एखादी जागा लागते, ती त्यांच्यात कुठे नव्हतीच.

सहाव्या वर्षी, जूनच्या थंडीत, काकांना झटका आला. त्याच गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. गाडीने वाटेत काही त्रास दिला नाही, हे सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी काका गेले.

मयताला चारशे माणसं असतील. शेकोट्या पेटल्या होत्या, बायका रडत होत्या. तरसाच्या कुळाची माणसं आपापलं काम करत होती. एकाने काकांची टोपी घालून त्यांच्यासारखं लंगडत चालून दाखवलं, आणि रडणारे लोक हसले. मग सगळे दाजींकडे बघायला लागले. त्यांच्याइतका काकांचा थट्टेकरी दुसरा कोण?

दाजी उठले. हातात टोपी होती, ती चुरगळत होते.

"मी या माणसाला फसवलं," ते म्हणाले. "त्याच्या गाडीचं इंजिन ठणठणीत होतं. एक चकती तडकली होती, तेवढंच. मला ते कळलं आणि मी बोललो नाही. त्याने गाय विकली. त्याचं चांगलं इंजिन मी घरी नेलं. त्यावर तुम्ही सगळे दळता."

मग मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि सगळं अंगण हसायला लागलं. "अरे तरसा!" म्हातारे ओरडले. "मेल्यावर तरी सोड त्याला!" कुणी शीळ घातली. दाजी दोन्ही हात वर करून म्हणत होते, "नाही हो, खरंच सांगतोय," आणि प्रत्येक 'खरंच'ला लोक आणखी हसत होते. इतकं चांगलं सोंग कुणी पाहिलं नव्हतं. मी उठून साक्ष द्यायला हवी होती. बूड जड झालं माझं.

चटईवर बसलेल्या वहिनी हसत नव्हत्या. त्या दाजींकडे एकटक बघत होत्या.

महिन्याभराने दाजी त्यांच्याकडे गेले. मला सोबत घेतलं, एकट्याने जायचा धीर नव्हता. वहिनी शेंगा फोडत होत्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं.

"त्या दिवशी मी चेष्टा करत नव्हतो," दाजी म्हणाले.

"माहीत आहे."

"गिरणीचं इंजिन तुमचं आहे. उद्या सोडून आणून देतो. किंवा गाय घेऊन देतो, तशीच, चांद असलेली."

वहिनींचे हात थांबले नाहीत. "गाईचं मला त्या वर्षी वाईट वाटलं. नंतर वासरं झाली, विसरले. तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असतं तर काय झालं असतं, भावजी? हे चिडले असते?"

दाजींनी घरंगळलेली एक शेंग उचलून त्यांच्यापुढे ठेवली.

"चिडले असते पाच मिनिटं. मग सहा वर्षं हसले असते. दूध केंद्रावर, चर्चमध्ये, तुमच्या दारात उभं राहून. 'कानाला ऐकू येईना!' म्हणून नाचले असते. शेवटच्या वर्षी रात्री पाठ टेकली की मला म्हणायचे, त्या तरसाला चिडवायला आता नवीन काही सुचत नाही. एवढी मोठी गोष्ट तुमच्याकडे होती आणि तुम्ही ती त्यांना दिली नाहीत."

दाजी रडायला लागले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. वहिनींनी त्यांना थांबवलं नाही. शेंगांची टरफलं सुपात गोळा करून त्या आत गेल्या. आम्ही उठून परत आलो.

वहिनींनी ही गोष्ट गावात कुणाला सांगितली नाही. लोक अजून दाजींचं ते मयतातलं 'सोंग' आठवून हसतात, त्यांनाच पुन्हा करून दाखवायला सांगतात. दाजी मान हलवून कामाला लागतात. गाड्या आता कमी घेतात. ताई म्हणते, वय झालं.

वहिनी दळणाला ओढ्यापलीकडच्या गिरणीवर जातात. आमची गिरणी त्यांच्या दारापासून शंभर पावलांवर, तरी सायकलवर पोतं बांधून दोन तास ढकलत नेतात. कुणी विचारलंच तर सांगतात, तिथलं पीठ जरा बारीक येतं.