तल्हाची काडतुसं

सौदीतल्या खमीस मुशैतमध्ये इसहाकला सगळे उस्ताद म्हणत. माणूस हर्णैचा, लेथवरचा पक्का टर्नर, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! एकदा मनात घेतलं की मालकाचंही ऐकायचा नाही. मालक, म्हणजे त्याचा कफील अबू तल्हा, शिकारीचा शौकीन. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या इसहाक त्याला वर्कशॉपात पुन्हा भरून द्यायचा. स्वतःची पोरं बिचाऱ्याने सुट्टीत काय ती पाहिली. कफीलचा मुलगा तल्हा मात्र त्याच्या डोळ्यांसमोर वाढला, आणि जीव काय कुणाला विचारून लागतो?

कुवेतवरून युद्ध पेटलं. फौजेतला तल्हा सरहद्दीवर निघाला. जाताना आपल्या रायफलीतून झाडलेल्या मूठभर पुंगळ्या इसहाकला देऊन म्हणाला, "भरून ठेव. आलो की डोंगरात जाऊ."

पुंगळी झाडली की फुगते, त्या रायफलीच्या मापाची होते. ती दाबायचा पोलादी साचा म्हणजे डाय. एक डाय सगळं अंग दाबते. मग काडतूस त्या जातीच्या कुठल्याही रायफलीत जातं. दुसरी नुसती मान दाबते. ते काडतूस पुंगळी आधी ज्यातून झाडली त्याच रायफलीत बसतं. घरात बापलेकांच्या एकाच जातीच्या दोन रायफली. शहाण्याने पहिली डाय उचलली असती.

इसहाकने उचललीही. मग त्याला आई आठवली. घरचा माणूस जहाजावर गेला की त्याच्या पेल्यातून ती कुणाला पाणी पिऊ द्यायची नाही. प्यालं तर माणूस परतत नाही म्हणायची. मौलवी चिडायचे, पण लहानपणीची भीती हाडात बसते. त्याने डाय खाली ठेवली आणि दुसरी लावली. तल्हाची काडतुसं तल्हाच झाडेल.

सरहद्दीवरच्या खफजीच्या लढाईत तल्हा गेला.

त्याची रायफल बापाला घरात बघवेना. त्याने ती कुणा परगावच्या माणसाला देऊन टाकली. मग एक दिवस आपली रायफल घेऊन तो वर्कशॉपात आला. पोराचा डोंगराचा बेत राहिला होता, तो निदान बापाने पुरा करायचा होता. त्याने एक काडतूस घालून पाहिलं. बोल्ट बंद होईना. दुसरं घातलं, तेही बसेना.

"अंग दाबायची डाय नव्हती तुझ्याकडे?"

"होती."

"मग?"

"ती लावली असती," इसहाक खाली बघत म्हणाला, "तर तो येणार नाही, असं मीच म्हटल्यासारखं झालं असतं."

रायफल भिंतीला टेकवून म्हातारा आपल्या कामगाराशेजारी पितळेच्या किसातच बसला, आणि दोघं ढसाढसा रडले. रडणं आवरल्यावर इसहाकने काडतुसं पुसली आणि परत डब्यात ठेवली.