एनॉसची बग्गी

क्लेटन बॅस्कमला अर्विला टट्लच्या खाणावळीत आठ वर्षांत एकदाही केकचा मधला तुकडा मिळाला नाही. मिळायचा तो कडेचा, करपलेला, परवाचा. एल्डर फेरी गावात दुसरी खाणावळ नव्हती, म्हणून तो निमूट गिळायचा. अर्विलाने त्याला कधी हाकलून दिलं नाही. सावज डोळ्यांसमोर असलेलं बरं, असा तिचा हिशेब होता.

ही सगळी आग लागली १९०८ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत. अर्विलाचा नवरा एनॉस मळणीयंत्रावर काम करायचा आणि ब्रायनचा कट्टर भक्त होता. ब्रायन तीनदा अध्यक्षपदाला उभा राहिला, तिन्ही वेळा आपटला. तरी एनॉसची श्रद्धा तसूभर हलली नाही. असली माणसं देवाच्याही कामाची नसतात, पण नवरा म्हणून चांगली असतात. बॅस्कम धान्याच्या कोठाराचा मालक, वजनाने आणि पैशाने गावातला सर्वांत जड माणूस. दोघांनी पैज लावली, ती आमच्याकडे निवडणुकीला लावतात तशीच: हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला एकचाकी हातगाडीत बसवून गावातून ढकलत न्यायचं. वाट जिंकणाऱ्याने ठरवायची, मांडीवर काय घेऊन बसायचं तेही त्यानेच. मिरवणुकीत गावाला सफरचंदाची दारू पाजायचा खर्च जिंकणाऱ्याचा, आणि ती दारू ज्याने घेतली तो पाजणाऱ्याच्या बाजूने पैजेत भागीदार. हा नियम गावात सगळ्यांना पाठ होता, कारण फुकट दारूचा नियम कोण विसरतो?

आमच्या कॅलिफोर्नियाने आणि देशानेही ब्रायनला सोडून बॅस्कमच्या टाफ्टला मत दिलं. एनॉस हरला. मळणीच्या धुळीने त्याची छाती आधीच खिळखिळी झाली होती. अर्विलाने हातापाया पडून सांगितलं, "जाऊ नका. मी सांगते त्यांना, तुम्ही आजारी आहात म्हणून."

"आणि उद्या तोंड कुठं लपवू?" एनॉस म्हणाला. "शब्द दिलाय गं."

बॅस्कमने मांडीवर बार्लीचं भरलेलं पोतं घेतलं आणि वाट सांगितली ती चर्चच्या टेकडीची. लोहाराच्या वळणावर एनॉस तोंडावर आपटला, खोकत राहिला, आणि गाव हसलं. पोट धरून हसलं. एनॉससुद्धा लाजून हसला, उठला आणि गाडी वरपर्यंत नेली. नाताळच्या आधी तो गेला.

बॅस्कम सांत्वनाला आला होता, डोळेही पुसले त्याने. पण मग ती हातगाडी कोठाराच्या भिंतीवर टांगली आणि रंगाने खाली लिहिलं: एनॉसची बग्गी. येणाजाणाऱ्याला गंमत! अर्विलाला मात्र दूध आणायला रोज त्याच भिंतीखालून जावं लागे.

तिने चर्चच्या टेकडीवर एनॉसच्या थडग्याला नुसती लाकडी फळी लावली. पुढे दगड घडवून आणला, तर तोही खाणावळीच्या मागच्या खोलीत ठेवून दिला. लोक म्हणत, चिकट बाई, दगड आहे पण लावत नाही. त्या दगडाला वर नेणारा माणूस तिने ठरवून ठेवला होता.

१९११ मध्ये आमच्या राज्यात बायकांना मताचा हक्क मिळाला. पुढच्या निवडणुकीला तिने बॅस्कमपुढे पैज ठेवली. तो म्हणाला, "बाईमाणसाशी पैज? लोक शेण घालतील तोंडात." तिने त्याला परवाचा केक वाढला आणि आणखी चार वर्षं दम धरला.

१९१६ ला विल्सन विरुद्ध ह्यूज. पूर्वेकडची सगळी शहाणी डोकी म्हणत होती, ह्यूज आला म्हणून समजा. पण उन्हाळ्यात ह्यूज आमच्या राज्यात आला, आमचा गव्हर्नर होता त्याच हॉटेलात उतरला आणि त्याच्याशी हात न मिळवताच निघून गेला. आता कुणी म्हणतं त्याला पत्ताच नव्हता, कुणी म्हणतं मिजास होती. काही असो, लोकांना ते झोंबलं. अर्विलाने खाणावळीत गिऱ्हाइकांच्या तोंडून ते ऐकलं आणि तिला पहिल्यांदा वाटलं की राज्य आपल्यासारखंच आहे, अपमान गिळत नाही.

ती सरळ ओरेन पेलच्या न्हावीदुकानात शिरली. गावच्या पैजा ओरेनच्याच साक्षीने लागत. बॅस्कम तोंडाला साबण लावून बसला होता.

"बॅस्कमसाहेब, माझा विल्सन, तुमचा ह्यूज. गाडी तीच, भिंतीवरची."

"बाई, पीठ मळा तुम्ही."

"पीठच मळते. म्हणून म्हटलं, माझे दंड बघून घाबरला असाल तर राहू द्या."

दुकान खदखदलं. बॅस्कमच्या साबणाखालचा चेहरा लाल झाला. "लाव रे ओरेन पैज," तो म्हणाला. "नवऱ्याची हौस राहिली होती, बायकोची फेडू."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळच्या गाडीने वर्तमानपत्रं आली, ह्यूज निवडून आल्याची. बॅस्कमला कुठला धीर! बँड, दारूची पिंपं, गाव, सगळं घेऊन तो खाणावळीच्या दारात हजर. ओरेन म्हणाला, "साहेब, आपल्या राज्याची मोजणी चाललीय अजून. डोंगरातली गावं बाकी आहेत."

"डोंगरातली चार मेंढरं अध्यक्ष ठरवणार काय रे? काढ गाडी!"

अर्विला हात पुसत बाहेर आली. विल्सन खरंच हरला असेल तर आठ वर्षं पाण्यात. पण बॅस्कमची घाई बघून ती आतून थंड झाली.

"मोजणी झालेली नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तरी बसायचंय?"

"बसायचंय!"

"आणि तुम्ही सगळे पिणार?"

"पिणार!" गाव ओरडलं. पाद्री प्यायले, लोहार प्यायला, ओरेननेही मिश्या ओल्या केल्या. बॅस्कम मांडीवर आपला जाडा कुत्रा घेऊन बसला. अर्विलाने त्याला न थांबता टेकडीवर नेलं. लोहाराच्या वळणावर लोक हसले. कोण कोण हसलं ते तिने मान वळवून नीट बघून घेतलं.

शुक्रवारी सकाळी स्टेशनवर तार आली. डोंगरातल्या मेंढरांची मतं पोचली होती. दहा लाख मतांच्या राज्यात जेमतेम चार हजारांनी कॅलिफोर्निया विल्सनचा झाला, आणि कॅलिफोर्नियामुळे विल्सन देशाचा.

अर्विलाने काळा झगा घातला. चौघांकडून तो दगड बाहेर आणवला, कोठाराखाली उभ्या गाडीत बसली आणि म्हणाली, "ठेवा मांडीवर."

"अगं, मांड्या मोडतील!" ओरेन म्हणाला.

"मोडू देत."

दगड गाडीच्या कडांवर टेकवून तिच्या मांडीवर आला. बॅस्कम पांढराफटक पडला. "कुठं न्यायचं?" त्याने विचारलं, पण त्याला ठाऊक होतं.

साठीचा माणूस तो. लोहाराच्या वळणापर्यंत कसाबसा आला आणि गुडघ्यांवर कोसळला. "बाई, छातीत दुखतंय."

"त्याच्याही दुखत होतं."

आणि गाव हसलं. तीच तोंडं, तसंच पोट धरून. ज्याची दारू परवा प्यायले, त्यालाच आज हसत होते. अर्विलाने आठ वर्षं हा क्षण मनात घोळवला होता, आणि आता तो आला तर तिला त्यात गोडी लागेना. बॅस्कमने ढकललं होतं खरं, पण एनॉसला मारलं होतं ते या हसण्याने. तिचा राग बॅस्कमवरून उठला आणि सगळ्या गर्दीवर जाऊन बसला.

"ओरेन," ती गाडीतूनच म्हणाली, "पैजेत भागीदार कोण?"

"ज्यानं... ज्यानं दारू घेतली तो."

"बुधवारी कुणी घेतली?"

हसू जिथल्या तिथे विरलं.

"मग बघता काय? ढकला."

आधी ओरेनने दांडे धरले. मग लोहाराने, मग पाद्र्यांनी. घामाघूम होऊन, माना खाली घालून, एकेक जण ढकलत गेला. नियम गावाचाच होता, मोडणार कसा? बॅस्कम छाती धरून मागून पाय ओढत आला.

वर त्यांनीच फळी उपटली, त्यांनीच खड्डा खणून दगड उभा केला. त्यावर कोरलं होतं: एनॉस टट्ल. यानं शब्द पाळला. बॅस्कमने टोपी काढली. "फिटलं ना आता, अर्विलाबाई?"

"तुझं फिटलं, क्लेटन," ती म्हणाली. त्याला एकेरीत हाक मारायची तिची ती पहिलीच वेळ. "जा, बस तिकडे. यांचं राहिलंय."

मग ती गर्दीकडे वळली.

"हसा."

कुणी मान वर केली नाही.

"हसा की! त्या दिवशी हसला होतात तसं. तो खाली ऐकतोय."

ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली, आणि ती उतरेपर्यंत टेकडी उतरायची कुणाची छाती झाली नाही.